कुठला पौंड?

फ्रीडाआत्यांनी केक आणून टेबलावर ठेवला, पण कापला नाही, तेव्हाच स्नेहलतानं ओळखलं की दुपार सोपी जाणार नाही.

जर्मनीत झिंडेलफिंगेनला येऊन तिला चार वर्षं झाली होती. या श्वाबेन मुलखातल्या बाकीच्या रीती कळोत न कळोत, एवढं तिला पक्कं ठाऊक झालं होतं की रविवारी दुपारी पाहुणा खुर्चीत टेकला रे टेकला की त्याच्या बशीत केकचा तुकडा पडतो. मग तो पाहुणा आवडता असो की नावडता. इथं मात्र तांबड्या योहानिसबेरींचा केक अख्खाच्या अख्खा मधोमध बसला होता आणि सुरी आत्यांच्या हाताशी आडवी पडली होती. आधी निकाल, मग प्रसाद, असा एकूण मामला दिसत होता.

निकाल लागायचा होता तो दिनकरच्या लग्नाचा. दिनकर तिचा धाकटा दीर. स्टुटगार्टला त्याची डॉक्टरेट संपत आली होती, सप्टेंबरात जिनोआहून बोट होती, पुण्यात नोकरी ठरलेली होती आणि हान्ने त्याच्याबरोबर जायला एका पायावर तयार होती. घोडं पेंड खात होतं ते एकाच ठिकाणी. हान्नेला अजून एकवीस पुरी नव्हती. आईबाप लढाईत गेलेली ही पोर तिच्या वडिलांच्या थोरल्या बहिणीनं, म्हणजे फ्रीडाआत्यांनी, वाढवली होती आणि कायद्यानं पालकही त्याच होत्या. श्टांडेसआम्टचा, म्हणजे लग्ननोंदणीच्या कचेरीचा, फॉर्म केकशेजारी ठेवला होता. त्यावर सही नाही तर लग्न नाही, आणि लग्न नाही तर बोट एकट्या दिनकरला घेऊन जाणार. पुण्यात सासूबाईंनी कशीबशी मान डोलावली होती. पण मुलगा एकटाच उतरला तर दुसऱ्या दिवसापासून मुली दाखवायला सुरुवात होईल, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

स्नेहलताला हे लग्न व्हायलाच हवं होतं. नवी नवरी होऊन ती जालन्याहून पुण्याला आली तेव्हा त्या घरात तिच्याशी धड बोलणारं माणूस एकच होतं, तो शाळकरी दिनकर. आता तो समोर बसून हातरुमालाची घडी घालत होता आणि मोडत होता.

"वहिनी," तो हळूच म्हणाला, "आत्या काहीच बोलत नाहीयेत."

"बोलतील हो, भावजी. तुम्ही तो रुमाल ठेवा आधी."

आत्या बोलल्या, पण दिनकरशी नाही. दिनकरच्या घरातला थोरला पुरुष म्हणून त्या थेट स्नेहलताच्या नवऱ्याकडे, श्रीरंगकडे, वळल्या.

"हेर साठे, तुमचा भाऊ चांगला आहे. ते मी नाकारत नाही. तो म्हणतो तिकडे घर आहे, पगार आहे, पोरीला कमी पडणार नाही. पण समुद्रापलीकडे गेलेल्या माणसाचा शब्द निम्मा होतो. आमच्या घरानं हे सोसलंय."

"फ्रीडा, आज तरी ते नको," खिडकीपाशी बसलेले अल्बर्टकाका म्हणाले.

"तू बोलायचंच नाहीस, अल्बर्ट. तुझ्याच घरानं केलंय ते."

अल्बर्टकाका समोरच्या घरात राहणारे, आत्यांचे लांबचे भाऊबंद. हान्नेच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून तेच उभे राहिले होते, कारण लढाईच्या त्या वर्षी गावात दुसरा पुरुष उरला नव्हता. या लग्नाच्या बाजूनं भक्कम उभा असलेला माणूस तेवढा एकच, आणि त्याच्याच शब्दाला या घरात कवडीची किंमत नव्हती. का, ते दिनकरनं बसमध्ये सांगितलं होतं. गावात अल्बर्टकाकांच्या घराण्याला आडनावानं कुणी ओळखत नाही. त्यांना 'चोपन्ने' म्हणतात. पाळण्यातल्या पोरापासून थडग्यातल्या म्हाताऱ्यापर्यंत सगळे चोपन्ने.

"हान्ने, बायबल आण," आत्या म्हणाल्या.

"टांटे, प्लीज!" हान्नेनं आत्यांना विनवलं.

"आण म्हटलं ना."

हान्नेनं आणलेलं बायबल पाटाएवढं होतं. आत्यांनी त्यातून दोन पिवळे कागद काढले आणि घराण्याची कथा सांगितली, ती अशी, की जणू गेल्या आठवड्यात घडली होती. दोनशे वर्षांपूर्वी मिखाएल आणि याकोब हे दोघे भाऊ अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाला गेले. मिखाएलची बायको काथारीना मुलांसकट इथंच राहिली; नवरा बोलावणार होता. पण मिखाएल तिकडे तापानं गेला. त्याचा कातडी कमावण्याचा कारखाना विकून आलेले पैसे काथारीनाला देण्यासाठी म्हणून याकोबच्या हवाली झाले. याकोब परत आला. काथारीनाच्या पदरात पडले त्याहून कमी. आत्या काथारीनाच्या वंशातल्या आणि अल्बर्टकाका याकोबच्या.

"आमच्या आजोबांच्या वेळच्या पाद्रीबुवांना थोडं इंग्रजी येत होतं. त्यांनी आकडे वाचले. बाकीचं कुणी वाचलेलंच नाही." आत्यांनी कागद श्रीरंगपुढे सरकवले. "इंग्रजांनी तुमच्यावर राज्य केलं. तुम्हाला त्यांची भाषा येते, त्यांचा पैसा कळतो. वाचा आणि तुम्हीच सांगा, मी उगाच भिते का ते."

श्रीरंगला कुणी काही वाचायला दिलं की त्याची छाती फुगायची. मोटारीच्या कारखान्यात दिवसभर दुसऱ्यांची ड्रॉइंगं तपासणारा माणूस; आज सोयऱ्यांनी आपणहून तपासायला काही दिलं होतं. त्यानं चष्मा पुसला, कागद उजेडाकडे धरला.

"आल्झो, तर हा पेनसिल्व्हेनियाचा. साल सतराशे चौसष्ट. मयत मिखाएलच्या मालमत्तेचे, विधवा काथारीना हिच्यासाठी, याकोबकडे दिले... नव्वद पौंड." त्यानं दुसरा कागद घेतला. "आणि ही लंडनच्या पेढीची पावती. त्याच वर्षाची. याकोबकडून जमा, काथारीनाच्या नावे हुंडी करण्यासाठी... चोपन्न पौंड."

"गेनाऊ, अगदी तेच," आत्या म्हणाल्या.

इथं थांबला असता तरी चाललं असतं. पण वजाबाकी दिसली की ती केल्याशिवाय श्रीरंगला राहवत नसे.

"म्हणजे वाटेत छत्तीस पौंड गेले," तो म्हणाला. "त्या काळी बरीच मोठी रक्कम. प्रवासखर्च धरला तरी एवढा नाही."

"दादा!" दिनकर मराठीत ओरडलाच.

"मग काय खोटं वाचू?"

अल्बर्टकाकांनी मान खाली घातली. हान्नेच्या डोळ्यांत पाणी तरळलं. फ्रीडाआत्यांनी फॉर्म उचलला, त्याची नीट घडी केली आणि बायबलाखाली ठेवून दिला. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. खरं तर त्या बिचाऱ्या मनातून घाबरल्याच होत्या. त्यांच्या भावाची शेवटची खूण कुणा परक्याच्या हाती द्यायची होती. पण घडी पडली ती पडलीच.

स्नेहलता नवऱ्याच्या खांद्यावरून कागदांकडे बघत होती. बी.एस्सी.ला गणित घेतलेल्या बाईची नजर आधी आकड्यांवर जाते. नव्वदच्या खाली बारीक अक्षरात दोनशे चाळीस लिहिलं होतं, पुढे काही खुणेची अक्षरं आणि एक आठ. चोपन्नच्या खालीसुद्धा दोनशे चाळीसच.

"अहो," ती हळूच म्हणाली, "हे दोनशे चाळीस दोन्हीकडे आहे."

"असणारच. पौंडाचे पेन्स दोनशे चाळीस. कारकुनानं कोष्टक लिहून ठेवलंय. शाळेत घोकलं नाहीस का?"

घोकलं होतं की! छड्या खाऊन घोकलं होतं. बारा पेन्सचा एक शिलिंग, वीस शिलिंगांचा एक पौंड, दोनशे चाळीस पेन्स. त्या काळी शाळेत गेलेल्या कुठल्याही पोराला दोनशे चाळीस दिसलं की पेन्सच आठवणार. पण पावतीवर कोष्टक कोण लिहितं? वाण्यानं पुडीवर बे एके बे लिहून द्यावं तसं झालं ते. आणि त्या दोनशे चाळीसच्या पुढे एकीकडे सात शिलिंग सहा पेन्स होते, दुसरीकडे चार शिलिंग सहा पेन्स.

"हा पौंड कुठला आहे पण?"

"कुठला म्हणजे? पौंड म्हणजे पौंड. स्नेहा, आत्ता नको."

पुण्याचा माणूस असंच म्हणणार. जालन्यात कुणी म्हटलं नसतं. जालना निजामाच्या राज्यात, आणि तिथं रुपया म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: हाली की कलदार? हाली म्हणजे निजामाचा, कलदार म्हणजे इंग्रजाचा. दोन्ही रुपयेच, दोघांचे सोळा सोळा आणे, पण शंभर कलदार घ्यायचे तर एकशे सोळा हाली मोजावे लागायचे. कापसाची आडत करणाऱ्या घरात ती वाढली होती. कुठला रुपया हे न विचारता तिथं कुणी शेंगासुद्धा घेत नसे.

आणि तिच्या लग्नातच नेमकं कुणी विचारलं नव्हतं. वरदक्षिणा दोन हजार ठरली. निजाम गेला तरी जालन्यात हाली चालतच होता; तिच्या वडिलांनी, अप्पांनी, दोन हजार आणले, हाली. व्याह्यांनी धरले होते कलदार. मांडवात मोजदाद झाली, जवळजवळ तीनशे कमी भरले, आणि सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "जालन्याकडचे हजार बहुतेक लहान असतात." अप्पांनी रातोरात तिच्या आईच्या पाटल्या मोडून पैसे पुरे केले. तरी तो शब्द राहिला. दूध पातळ आलं की जालन्याचं, साडीचा रंग गेला की जालन्याची. अप्पांनी पुन्हा पुण्यात पाऊल टाकलं नाही, आणि पाचव्या वर्षी ते गेले.

बोलायला तर हवं होतं. पण बोलायचं कसं? तिचं जर्मन दुकानापुरतं. आजवर सोयऱ्यांशी ती जे बोलली ते श्रीरंगच्या तोंडून. तो चुकला हे त्यांना त्यानंच भाषांतर करून सांगावं? दिनकरला सांगायला लावलं तर भावाभावांत लावून दिल्यासारखं. आणि हिशेब जुळलाच नाही तर? मग नवऱ्याचीही शोभा, स्वतःचीही, आणि दिनकरचं होतं नव्हतं तेही गेलं.

तिनं मनातल्या मनात गुणाकार केला. दोनशे चाळीस गुणिले साडेसात शिलिंग: अठराशे. विसानं भागले. नव्वद. पुन्हा एकदा केला. नव्वदच. मग दोनशे चाळीस गुणिले साडेचार. एक हजार ऐंशी. विसानं भागले.

चोपन्न.

ती नवऱ्याच्या खांद्यामागून पुढे सरकली.

"टांटे फ्रीडा, बिट्टे," ती म्हणाली. आवाज इतका मोठा निघाला की तीच दचकली. "याकोब चोर नाही."

श्रीरंगनं वळून पाहिलं. "स्नेहा, काय चाललंय?"

"मला बोलू द्या," ती मराठीत म्हणाली आणि पुन्हा मोडक्या जर्मनकडे वळली. "इथं दोनशे चाळीस. नाणी. अमेरिकेत त्यांना नाणी मिळाली दोनशे चाळीस. लंडनमध्ये त्यांनी नाणी दिली दोनशे चाळीस. एकही कमी नाही."

"चोपन्न म्हणजे नव्वद कधीपासून झाले?" आत्यांनी विचारलं.

"पौंड दोन. नाव एक, पौंड दोन. पेनसिल्व्हेनियाचा पौंड लहान, लंडनचा पौंड मोठा. तेच नाणं तिकडे साडेसात शिलिंग म्हणतात, इकडे साडेचार. नाणं तेच."

श्रीरंगनं खिशातून पेन्सिल काढली. कागद ओढून घेतले आणि आत्यांच्या किराणा यादीच्या पाठीवर गुणाकार मांडला. त्याचे कान लाल झाले होते. स्नेहलता त्याच्या पेन्सिलीकडे बघत राहिली. तो रागावला असेल तर बसमध्ये काय ऐकावं लागणार, याची उजळणी तिच्या डोक्यात सुरू झाली होती. त्यानं ती खुणेची अक्षरं आणि आठ सुटे करून 'पीस ऑफ एट' असं वाचलं, दुसऱ्या कागदावरचं 'डॉलर' वाचलं, दोन्ही एकाच स्पॅनिश चांदीच्या नाण्याची नावं, आणि पेन्सिल खाली ठेवली.

"माझ्या बायकोचं बरोबर आहे," तो जर्मनमध्ये म्हणाला. "तिकडच्या प्रत्येक वसाहतीचा पौंड वेगळा असणार. मी फक्त बेरजा वाचल्या. याकोबनं एक नाणंसुद्धा घेतलेलं नाही. प्रवासखर्चसुद्धा नाही."

हा एक गुण मात्र श्रीरंगमध्ये होता. चुकीचा आकडा दाखवून दिला की तो भांडत नसे. चूक माणसांची नसून आकड्यांची असली म्हणजे झालं.

अल्बर्टकाकांनी चष्मा काढला. मोठा, हाडापेराचा म्हातारा, तो बाहीला काचा पुसत राहिला. "माझ्या बापाला," ते म्हणाले, "चर्चची दानपेटी कधी धरू दिली नाही. पंचाहत्तर वर्षांत एकदाही नाही, फ्रीडा."

आत्यांनी सुरी उचलली, केक कापला आणि पहिला तुकडा अल्बर्टकाकांच्या बशीत ठेवला. माफी मागायची या गावाला सवय नव्हती. तेवढ्यावरच भागवायचं होतं. पण फॉर्म बायबलाखालीच होता. दिनकरचे डोळे तिथून हलत नव्हते.

"फ्राउ साठे," आत्या स्नेहलताकडे वळल्या, "पाद्र्याला कळलं नाही, तुमच्या इंजिनियरला कळलं नाही. तुम्हाला कसं कळलं? पुस्तकात वाचलं?"

"नाही," ती म्हणाली. मग सांगावं की नाही या विचारात क्षणभर अडखळली, आणि सांगून टाकलं. हाली आणि कलदार. दोन हजार. मांडवातली मोजदाद. आईच्या पाटल्या. जर्मन शब्द सापडत नव्हते तिथं हान्नेनं पुरवले. "आमच्या घरी माझे वडील," तिनं शेवटी अल्बर्टकाकांकडे बोट केलं, "असे झाले. चोपन्ने."

आत्यांनी सगळं ऐकून घेतलं. "वडिलांना नंतर कुणी सांगितलं का, की तुमची चूक नव्हती?"

"नाही."

"आणि तुमचे यजमान? ते नव्हते तिथं?"

"होते. नवरदेव तेच." स्नेहलता हसली. "पण त्यांना माहीत नव्हतं. पुण्यात हाली नाही. त्यांना कसं कळणार?"

हे ती इतक्या सहज म्हणाली, कारण दहा वर्षं ती स्वतःला हेच सांगत आली होती. सासूबाई बोलत तेव्हा श्रीरंग गप्प बसे तो अजाणपणानं, ही तिची गाठीची समजूत होती. तिच्या जोरावर तिनं पुण्यातले दिवस काढले होते, परदेशात बिऱ्हाड मांडलं होतं, माणसावर माया केली होती.

फ्रीडाआत्या श्रीरंगकडे बघत होत्या. "हेर साठे, तुम्हाला माहीत नव्हतं?"

प्रश्न साधा होता. नाही म्हणायचं की सुटला. दिनकर त्याच्याकडे असा बघत होता, की बाबा रे, नाही म्हण आणि संपव. स्नेहलता वाट बघत होती तीही त्याच 'नाही'ची; पण ते यायला वेळ लागला.

"माहीत होतं," श्रीरंग म्हणाला.

तो जर्मनमध्येच बोलत राहिला, टेबलाकडे बघत. "मुलगी बघायला जालन्याला गेलो होतो, तेव्हा स्टेशनाबाहेर सराफाकडे नोटा बदलल्या होत्या. शंभरचे एकशे सोळा मिळाले. मांडवात मोजायला लागले तेव्हाच मला कळलं होतं. पण आई बोलत होती. तिच्यापुढे मी काही बोललो नाही. नंतर बोलायची लाज वाटली."

हे वाक्य कळायला स्नेहलताला कुणाच्या मदतीची गरज पडली नाही.

फ्रीडाआत्यांनी बायबल उचललं, फॉर्म काढला, घडी उलगडून तळहातानं सपाट केली.

"लबाड माणूस आत्ता खोटं बोलला असता," त्या म्हणाल्या. "आज सगळ्यात सोपं तेच होतं. ज्या घरात माणूस स्वतःविरुद्ध खरं बोलतो, त्या घरात पोर द्यायला हरकत नाही. अल्बर्ट, पेन दे."

सही झाली. हान्ने रडत रडत आत्यांच्या गळ्यात पडली, दिनकरनं अल्बर्टकाकांचे दोन्ही हात धरून हलवले, मग धावत येऊन स्नेहलताच्या पाया पडला. "वहिनी, तुमच्यामुळे! केवळ तुमच्यामुळे!" तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, सुखी राहा म्हणाली, हान्नेला जवळ घेतलं. आनंद खराच होता. तो तिला दिसत होता, कळत होता, फक्त तिच्यापर्यंत पोचत नव्हता.

निघताना दाराशी श्रीरंगनं तिचा कोट धरला होता. बाकीचे आत हसत होते.

"स्नेहा," तो म्हणाला, "मी आजच आईला लिहितो. सगळं खरं खरं लिहितो."

"आईंना लिहाल हो," ती म्हणाली, आणि त्याच्या हातातून कोट घेऊन स्वतःच चढवला. "अप्पांना कुठल्या पत्त्यावर लिहाल?"